खेळणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा राग कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमच्या मित्राने मिळून एक छोटा गेम केलाय. कोकणातल्या एका गावातली मुलगी आजोबांची हरवलेली होडी शोधत फिरते आणि शेवटी खाडीच्या तोंडाशी तिला ती होडी फुटलेली सापडते. या प्रसंगासाठी तुम्ही एका बासरीवादकाकडून शिवरंजनी रागातला अडीच मिनिटांचा तुकडा वाजवून घेतला. नुसता ऐकवला की लोक हळवे होतात. गेममध्ये मुलगी खाडीच्या वळणावर आली की तो सुरू होतो. टेस्टर तिथे येतात, होडी बघतात, ‘म्युझिक छान आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. एकाने तर त्याआधीच, गावात फिरत असताना, आवाज बंद करून टाकला. तेव्हा राग बदलू का, वाद्य बदलू का, की पैसे जमवून मोठा वाद्यवृंद घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात बरीच वर्षं गेमसाठी संगीत आणि आवाजाचं काम करते. त्यात संगीत रचण्यापेक्षा ते गेममध्ये बसवण्याचं काम जास्त. त्या अनुभवावरून सांगते, राग बदलून फारसा फरक पडणार नाही. तुमचा तुकडा मी ऐकलेला नाही, पण नुसता ऐकून माणसं हळवी होत असतील तर त्यात दम आहे. अडचण अशी की तो सूर तुमच्या खेळणाऱ्याला पहिल्यांदा भेटतो तोच शेवटच्या प्रसंगात. त्याची आणि त्या सुराची काहीच ओळख नाही. शिवाय खेळणारा काय करतोय याचं त्या सुराला भान नाही; तो आपला वाजत राहतो. गेममधल्या संगीताची ताकद मुख्यतः या दोन गोष्टींत असते, ओळख आणि प्रतिसाद. राग, वाद्य, रेकॉर्डिंगचा दर्जा हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्यानंतर.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. बसमध्ये उभ्याने फोनवर खेळायच्या कोड्यांच्या गेमला मी जे सांगेन ते तुमच्या गेमला लागू नाही. शर्यतीच्या किंवा मारामारीच्या गेममध्ये लय हाच सगळा कारभार असतो. तुमचा गेम दोन-अडीच तासांचा, शांतपणे फिरण्याचा आणि एका माणसाच्या जाण्याचा आहे, म्हणून त्या अंगाने लिहिते.

सिनेमाच्या संगीतकाराला कुठला क्षण कधी येणार ते सेकंदासकट ठाऊक असतं. दार उघडलं की संगीत सुरू व्हायचं, चेहरा दिसला की थांबायचं, हे तो आधीच मोजून ठेवतो. गेममध्ये वेळ खेळणाऱ्याच्या हातात असते. होडी दिसल्यावर एक जण धावत जाऊन तिला हात लावेल. दुसरा शेजारच्या खडकावर चढता येतं का ते बघत बसेल. तिसऱ्याच्या घरी दाराची बेल वाजेल. तुमचा तुकडा एक मिनिट दहा सेकंदांनी तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, पोचत असेल, तर तोवर यांतलं कोण ऐकायला थांबलेलं असणार? कथक नर्तकीच्या साथीला बसलेला तबलजी तिच्या पायांकडे बघून वाजवतो, तसं गेमच्या संगीताला खेळणाऱ्याच्या हातांकडे बघून वाजावं लागतं.

आता संगीत भावनेपर्यंत पोचतं कसं ते बघू, कारण त्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि तुम्ही चुकीच्या वाटेवर जोर लावताय.

सगळ्यात सोपी वाट शरीराची. लय वाढली की माणूस सावध होतो, अचानक मोठा आवाज झाला की दचकतो, खर्जात घुमणारा लांब स्वर नुसता पोटात जाणवला तरी अस्वस्थ करतो. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये संगीत म्हणावं तर खाली उतरणारे चार जाड स्वर, पुन्हापुन्हा, एवढंच होतं. शत्रू जसे कमी होतात तसे उरलेले वेगाने सरकू लागतात. याचं मूळ कारण तांत्रिक होतं: पडद्यावर आकृत्या थोड्या उरल्या की तेव्हाच्या प्रोसेसरचं काम पटापट व्हायचं, आणि निशिकादो यांनी तो वाढता वेग तसाच राहू दिला. शत्रूंच्या चालीबरोबर ते चार स्वरही घाईला येतात. म्हणजे गोळी मी झाडते, शत्रू माझ्यामुळे मरतो आणि माझ्याच यशाने छातीवरचे ठोके वाढतात. इतक्या जुन्या, इतक्या साध्या गेममध्ये प्रतिसादाचं तत्त्व पूर्ण आलेलं आहे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये घड्याळ १०० च्या खाली गेलं की एक इशारा वाजतो आणि कोजी कोंदो यांची तीच आनंदी चाल दामटत येते. सूर तेच असतात, पण अंगठे घाई करायला लागतात आणि नेमक्या तेव्हाच उड्या चुकतात.

भीती, घाई, उत्साह यांना ही वाट पुरते. दुःखाला पुरत नाही. संथ लय आणि हळवे स्वर यांनी माणूस फार तर शांत होतो. शांत होणं वेगळं आणि कुणीतरी गेल्याचं जाणवणं वेगळं.

दुसरी वाट अर्थ लावण्याची. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत केली होती. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरतात, इतकंच. तरीही बघणारे त्यांच्यात भांडण, पाठलाग, प्रेम असं काय काय बघतात. १९८८ मध्ये मार्शल आणि कोहेन यांनी तीच चित्रफीत वेगवेगळ्या संगीताबरोबर लोकांना दाखवली, तर संगीत बदललं तसं त्या आकृत्यांबद्दलचं लोकांचं मत बदललं. गेममध्ये आम्ही हे रोज वापरतो. तीच पायवाट, तीच चाल, पण खालून एक अस्थिर स्वर धरला की खेळणारा झाडीकडे संशयाने बघू लागतो.

या वाटेचा धोका असा की संगीत गोष्ट आधीच फोडून बसतं. तुमची बासरी वळणावर सुरू होते, होडी दिसायच्या आधी. खेळणाऱ्याला तिथेच कळतं की आता काहीतरी वाईट दाखवणार आहेत, आणि तो मन घट्ट करून पुढे येतो. होडी दिसेपर्यंत त्याने प्रसंग मनात उरकलेला असतो. ‘म्युझिक छान आहे’ हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं आणि ते ऐकलं की मी सावध होते. माणूस प्रसंगात असेल तर त्याला म्युझिक वेगळं दिसत नाही.

तिसरी वाट ओळखीची, आणि तुमचं काम इथे आहे.

मैफलीत भैरवी सुरू झाली की हुरहूर लागते. ती काही नुसत्या कोमल स्वरांची करामत नाही. मैफल भैरवीने संपते हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून पहिल्या आलापातच ‘आता संपणार’ हे कळतं. ज्याने कधी मैफल ऐकली नाही त्याला तीच भैरवी नुसती गोड वाटू शकते. शिवरंजनीचं तसंच आहे. आपल्या कानांवर तिचे संस्कार हिंदी सिनेमातल्या विरहगीतांनी केलेत. उद्या ब्राझीलमधल्या कुणी तुमचा गेम डाउनलोड केला तर हे संस्कार त्याच्याबरोबर येणार नाहीत. ते त्याला गेमच्या आतच द्यावे लागतील. आणि खरं सांगायचं तर पुण्या-मुंबईतल्या विशीतल्या मुलांचंही आता ब्राझीलपेक्षा फार वेगळं नाही.

गेमच्या आत संस्कार कसे देतात याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’चं आहे. (ज्यांना हा गेम अजून खेळायचाय त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.) एरिथ ही फुलं विकणारी मुलगी. सुरुवातीलाच एका पडक्या चर्चमध्ये, फरशी फोडून उगवलेल्या फुलांपाशी ती भेटते आणि तिथे तिच्या चालीचं एक हलकं रूप वाजतं. पुढे तिची चाल तिच्या आयुष्याशी जोडलेल्या जागी पुन्हा येते. दरम्यान खेळणारा तिला बरोबर घेऊन लढतो, तिला शस्त्रं देतो, ती त्याच्या जखमा भरते. मग पहिल्या डिस्कच्या शेवटी तिला मारलं जातं. तिच्या केसांतून निसटलेला छोटा गोळा पायऱ्यांवरून टप्पे घेत खाली पाण्यात पडतो आणि तिची चाल सुरू होते.

इथवर हा उत्तम सिनेमा झाला. गेम पुढे आहे. लगेच एक मोठी लढाई सुरू होते. या गेममध्ये मोठ्या लढाईचं स्वतःचं धडाडणारं संगीत असतं आणि एव्हाना खेळणाऱ्याच्या अंगात ते भिनलेलं असतं. या लढाईत ते येत नाही. नोबुओ उएमात्सू यांची तीच हळवी चाल तशीच चालू राहते. खेळणारा मेनूतून ‘हल्ला’ निवडतो, तलवार फिरते, आकडे उडतात, हात सवयीचं काम करत राहतात आणि कानात ती मुलगी असते. आपण तो सूर वेगळा काढून ऐकला तर सुंदर वाटेल, पण त्याने इतक्या लोकांना रडवलं ते दोन गोष्टींमुळे: आधी तो जिवंत एरिथचा होता, आणि जिथे दुसरं संगीत यायलाच हवं होतं ती जागा त्याने सोडली नाही. दुःखाच्या प्रसंगासाठी नवा दुःखी सूर आणायची गरज तिथे कुणाला पडली नाही.

संगीत न वाजवणं हेही याच हिशेबात येतं. २००५ च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये घोड्यावरून ओसाड माळ तुडवत जाताना संगीत नसतं, वारा आणि टापा, बस. कोव ओतानी यांचं वाद्यवृंदाचं संगीत येतं ते महाकाय प्राणी समोर उभा राहिल्यावर, आणि त्याच्या अंगावर चढायला जमलं की ते पलटून विजयी होतं. आणि तो प्राणी कोसळला की? जिंकल्याची तुतारी नाही, शोकाचे सूर. पहिल्यांदा खेळणारा गोंधळतो. हे दर वेळी होत राहतं तसं त्याला स्वतःच्या तलवारीबद्दल शंका यायला लागते. एकही संवाद न घालता खेळणाऱ्याच्या मनात अपराधाची भावना पेरलेली आहे, आणि ती पेरली जाते कारण प्रत्येक वेळी घाव त्याने स्वतः घातलेला असतो. मला हा गेममधल्या संगीताचा सगळ्यात मोठा पराक्रम वाटतो.

आता तुमच्या त्या आवाज बंद करणाऱ्या टेस्टरबद्दल. त्याच्यावर रागावू नका, त्याने तुम्हाला मोलाची माहिती दिली आहे. गावात दीड मिनिटाचा लूप सतत वाजतो असं तुम्ही लिहिलंय. अर्ध्या तासात तो वीस वेळा झाला. तुमच्या बंदिशीत लक्ष वेधून घेणारी एखादी तान असेल तर ती वीस वेळा, त्याच जागी, तशीच. कितीही चांगली तान असली तरी कान विटतो, आणि एकदा आवाज बंद झाला की तुमचा शेवटचा प्रसंग त्याच्यापुरता मुका झाला. उपाय अवघड नाहीत. सूर संपू द्या, मग दोन-तीन मिनिटं फक्त गाव ऐकू द्या: माडाच्या झावळ्या, कोंबडे, दूरची इंजिनाची होडी. मग दुसरा तुकडा येऊ द्या. १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये मोकळ्या मैदानाचं संगीत छोट्या छोट्या तुकड्यांत बांधलंय आणि ते तुकडे क्रम बदलत येतात, त्यामुळे तासन्‌तास फिरलं तरी तेच ते वाटत नाही. तुमच्यासारख्या दोघांच्या टीमलाही हे सहज जमेल. गेममध्ये आवाज बसवण्याच्या एफमॉड किंवा वाईज या सॉफ्टवेअरपैकी काहीही वापरलंत तरी तुकड्यांचा क्रम बदलणं आणि मध्ये शांतता ठेवणं ही त्यातली अगदी प्राथमिक सोय आहे.

इथवरचं एकत्र करायचं तर: तुमचा गावातला सूर नको इतका वाजतो, शेवटचा सूर आधी कधीच वाजत नाही, आणि तो वाजतो तेव्हा खेळणाऱ्याच्या आधी धावतो. तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहे त्याच शिवरंजनीत सुधारता येतील. कशा ते सांगते.

भूप रागाचे स्वर सा रे ग प ध. शिवरंजनीत यांतला फक्त गंधार, म्हणजे ‘ग’, कोमल होतो. बाकी चारही स्वर तेच. शास्त्रीय बैठकीत असं एका रागाचं दुसऱ्यात भाषांतर कुणी करणार नाही. दोन्हींत स्वर फिरवण्याची रीत वेगळी आहे आणि जाणकार त्यावर बोट ठेवतीलच. पण गेममधल्या एका ओळखीच्या ओळीसाठी हे सोनं आहे. तुमच्या तुकड्यातली सगळ्यात लक्षात राहणारी ओळ निवडा, सात-आठ स्वरांची, षड्जावर येऊन संपणारी. ती शुद्ध गंधाराने, भूपात, गेमच्या पहिल्या दहा मिनिटांत येऊ द्या. बासरीवर नको. आजोबा जाळं सांधत बसलेत आणि तोंडाने गुणगुणतायत, इतकंच. रेकॉर्डिंग थोडं कच्चं असलं तरी चालेल, उलट बरंच.

मग ती ओळ खेळणाऱ्याच्या हातात द्या. एका बटणावर मुलगी शीळ घालते, ओळीचा पहिला अर्धा भाग. आजोबा जवळपास असतील तर उरलेला अर्धा भाग त्यांच्या शिळेने येतो आणि ओळ षड्जावर पूर्ण होते. सुरुवातीच्या भागात याचा खराखुरा उपयोग ठेवा: धुक्यात आजोबा कुठे आहेत हे त्या उत्तरावरून कळतं, अशी एखादी जागा. उपयोग असला की खेळणारा ती शीळ मनापासून, पुन्हापुन्हा घालेल. नुसती शोभेची असेल तर दोनदा घालून विसरेल. आजोबा गेल्यानंतरच्या भागात गावातली माणसं ती ओळ उचलतात. होडी रंगवणारा कुणीतरी ती गुणगुणतो, एखादं पोर ती चुकीची वाजवतं. प्रत्येक ठिकाणी खेळणाऱ्याच्या कानात ती पक्की होत जाते.

शेवटी खाडीच्या वळणावर काहीच वाजवू नका. समुद्र असू द्या. होडी दिसली तरी सूर नाही. खेळणाऱ्याचा ताबा काढून घेऊ नका आणि पडद्यावर ‘शीळ घाला’ असंही लिहू नका. बहुतेक जण आपणहून ते बटण दाबतील, कारण तुम्ही दोन तास त्यांना तेच शिकवलंय. शीळ जाईल. उत्तराचा अर्धा भाग जितका वेळ घेतो तितका वेळ रिकामा ठेवा, त्यात एकही आवाज घालू नका. त्यानंतर तुमची बासरी, कोमल गंधाराने, तीच ओळ. आणि ती षड्जावर आणू नका, रिषभावर, म्हणजे ‘रे’वर, सोडा. दोन तास ती ओळ पूर्ण होताना ऐकलेला कान तो षड्ज स्वतः शोधत राहतो. जे बटण दाबणार नाहीत त्यांच्यासाठी होडीला हात लावल्यावर बासरी सुरू करा. दोन्ही प्रकारांत सुरुवात खेळणाऱ्याच्या कृतीने होते.

आता बसवण्याबद्दल, कारण कल्पना चांगली असूनही इथेच माती होते. संगीताचे थर करून ते वरखाली करणं ही जुनी युक्ती आहे. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये मारिओ योशी या डायनासोरच्या पाठीवर बसला की त्याच चालीत बोंगो येतात आणि उतरला की जातात. १९९१ मध्ये लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज ही पद्धत ‘मंकी आयलंड २’मध्ये आणली. त्यात एका दुकानातून दुसऱ्यात जाताना संगीत तुटत नाही, योग्य जागी वळण घेऊन पुढच्या चालीत शिरतं. २०१० च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’चं बरंचसं संगीत मिनिटाला १३० ठोके आणि ए मायनर ही पाश्चात्त्य पट्टी या एकाच बंधनात रेकॉर्ड केलं, म्हणजे कुठलाही थर कुठल्याही थरावर बसावा. आपल्याला हे बंधन परकं नाही. एक पट्टी, एक षड्ज, खाली तानपुरा, हे आपल्याकडे गृहीतच असतं. तुमचे सगळे तुकडे एकाच पट्टीत घ्या. अर्धं काम तिथेच झालं.

लयीच्या बाबतीत मात्र सावध राहा. तबल्यावर तीनताल आणि मिनिटाला ८० मात्रा अशी लय असेल, तर १६ मात्रांचं आवर्तन १२ सेकंदांचं होतं. तुकडा बदलायची परवानगी फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दिलीत आणि खेळणाऱ्याने समेनंतर लगेच दार उघडलं, तर संगीताला कळायला जवळजवळ १२ सेकंद जातात. तोवर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला. बदलाची परवानगी दर विभागाला, म्हणजे चार मात्रांनी, द्या. मग थांबणं फार तर तीन सेकंदांचं. आणि तबलजीकडून चार मात्रांचा एक मुखडा, म्हणजे समेवर आणून सोडणारा छोटा तुकडा, वेगळा वाजवून घ्या. बदल मागितला गेला की पुढच्या विभागापासून मुखडा वाजतो आणि त्याच्या समेवर नवा तुकडा सुरू होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सम इथेच यायची होती. परदेशी स्टुडिओंना अशा जोडासाठी वेगळे स्वर रचत बसावे लागतात. आपल्याकडे मुखडा तयार आहे, आणि तरीही तो वापरताना मला फार कमी लोक दिसतात याचं वाईट वाटतं.

बासरीला विभाग लावू नका. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, अर्ध्यात कापली तर ती तुटल्यासारखीच ऐकू येते, कितीही हळू आवाज उतरवला तरी. बासरीवादक जिथे श्वास घेतो त्या जागा बाहेर पडण्याच्या जागा म्हणून खुणावून ठेवा. आलाप तर लयीच्या बाहेरच राहू द्या. तानपुऱ्यावर तरंगणारा वेगळा थर म्हणून तो केव्हाही येऊ शकतो, केव्हाही जाऊ शकतो.

मोठा वाद्यवृंद हवा का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुमच्या गेमला नको. २०१२ च्या ‘जर्नी’ला ऑस्टिन विंटरी यांचं संगीत आहे. एखाद्या गेमच्या संपूर्ण संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं ते पहिल्यांदा याच गेमला, आणि त्याची सुरुवात एकट्या चेलोने होते. तो चेलो म्हणजे खेळणारा. २०१५ चा ‘अंडरटेल’ टोबी फॉक्स यांनी रचला, त्यातले बरेचसे सूर जुन्या गेमयंत्रांसारखे साधे आहेत. पण तेच थोडे सूर वेगवेगळ्या पात्रांत, वेगवेगळ्या वेशांत परत येतात आणि माणसं अजून त्यावर बोलतात. वाद्यवृंद लागतो तो गर्दी, भव्यता किंवा अंगावर येणारी भीती हवी असेल तेव्हा. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला, त्यात देवासुरांची युद्धं आहेत, तिथे भारदस्त संगीत शोभतं. तुमच्याकडे एक मुलगी आणि एक म्हातारा माणूस आहे. एक शीळ आणि एक बासरी पुरे. तो पैसा बासरीवादकाच्या दुसऱ्या सत्रावर घाला.

तपासताना संगीताबद्दल विचारू नका. ‘म्युझिक कसं वाटलं’ विचारलं की माणूस परीक्षक होतो. ‘खाडीवर काय झालं ते सांगा’ असं विचारा आणि तो कुठल्या शब्दांत सांगतो ते ऐका. त्याहून चांगलं म्हणजे हातांकडे बघा. होडीपाशी त्याने किती वेळ काहीच दाबलं नाही? शीळ एकदा घातली की पुन्हापुन्हा? पुन्हा घातली असेल तर तुमचा सूर लागलाय. दर खेपेला नवा टेस्टर घ्या, कारण हा प्रसंग एका माणसावर एकदाच चालतो.

फोनवरही आणणार असाल तर फोनच्या स्पीकरवरच ऐकून बघा. खर्ज तिथे जवळजवळ नाहीसा होतो. तानपुऱ्याच्या खर्जावर एखादी भावना टांगून ठेवली असेल तर ती गेली. शीळ आणि बासरी टिकतात, हे तुमचं नशीब. बरेच लोक आवाज बंद ठेवूनच खेळतात आणि काहींना ऐकू येत नाही, म्हणून आजोबांच्या उत्तराच्या वेळी पडद्यावरही काहीतरी घडू द्या: पाण्यावर उठणारे तरंग, किंवा ‘लांबून शीळ’ अशी साधी ओळ. मग शेवटी ती ओळ उमटत नाही हे त्यांनाही कळेल.

बासरीवादकाला परत बोलवाल तेव्हा त्याच्याकडून एवढं घ्या: ती ओळ शुद्ध गंधाराने पूर्ण, कोमल गंधाराने पूर्ण, कोमल गंधाराने रिषभावर सोडलेली, प्रत्येकी तीन-चार वेगवेगळ्या वजनांत. शिवाय दोन्ही स्वरूपांत मुक्त आलाप, मोठे श्वास ठेवून. शीळ कुणा सराईत गायकाकडून घेऊ नका, टीममधल्या कुणाचीही चालेल, फक्त पट्टी तीच हवी. आणि प्रत्येक तुकड्यानंतर स्वर पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगा, कारण ती शेपटी कापली गेली तर गेममध्ये प्रत्येक जोड ऐकू येत राहतो.